अवघडपणाची किंमत कोण देतं? एल्मर कीथचं रिव्हॉल्व्हर आणि हरणाची बाजू

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकांनी विचारलं, ‘सर, तुम्ही शिकारीचं समर्थन करणार का?’ दुसरे म्हणाले, ‘निषेधच करणार असाल तर मी येत नाही, तो आम्ही घरबसल्या करतो.’ दोघांनाही मी म्हटलं, या तर खरं. मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा प्रश्न आपल्यापुरता मिटला, आणि मिटला ते बरंच झालं. पण मिटलेल्या प्रश्नाचा एक तोटा असतो. त्यावर विचार करायचं आपण सोडून देतो.

माझी मुलगी अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइसीला असते. तिच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा शेजारच्या गृहस्थांशी ओळख झाली. साठीचे, निवृत्त सुतार. वर्षातून एकदा, मोसमात, रिव्हॉल्व्हर घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. रायफल नाही, रिव्हॉल्व्हर. आणि त्यात गोळी घालतात ती स्वतः घरी ओतलेली. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणजे रिकामटेकडा. त्यांना म्हटलं, ‘सोपं साधन हाताशी असताना अवघड का घेता?’ उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. एल्मर कीथचं ‘सिक्सगन्स’, १९५५ सालचं.

आज बोलायचं आहे ते या कीथच्या लिखाणाबद्दल. कीथ (१८९९–१९८४) जन्माने मिझुरीचा. आयडाहोत गुरं राखली, शिकाऱ्यांना रानात नेलं, आणि सामनच्या काठी सामन याच नावाच्या गावात राहून जन्मभर बंदुकांवर लिहिलं. चव्वेचाळीस मॅग्नम हे काडतूस १९५५-५६ च्या सुमारास बाजारात आलं, त्यामागे त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. पुढे सिनेमावाल्यांनी त्या काडतुसाला जी प्रसिद्धी दिली तिच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. त्याने स्वतः आखलेली एक गोळी मात्र महत्त्वाची आहे. वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास. नाक रुंद आणि सपाट, त्याखाली धारदार खांदा, कडेला मेण भरायची खाच. शिशात थोडं कथील मिसळून ती साच्यात ओततात.

आता ही गोळी काम कसं करते ते समजून घेतलं पाहिजे, कारण नीतीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. शिकारीच्या रायफलची गोळी सेकंदाला २७०० फूट किंवा त्याहून जास्त वेगाने जाते आणि आत गेल्यावर उमलते. आजूबाजूचं बरंच काही फाडते. रिव्हॉल्व्हरमधली ओतीव गोळी १२०० ते १४०० फुटांनी जाते, फारशी उमलत नाही, आरपार निघते. भोक पडतं ते जवळपास तिच्या जाडीएवढंच. मांस नासत नाही, दोन्ही बाजूंनी रक्त येतं म्हणून माग काढता येतो. पण याचाच दुसरा अर्थ असा, की गोळी योग्य जागीच लागली पाहिजे. खांद्यामागे हृदय-फुप्फुसांची आठ-दहा इंचांची जागा असते, तिथे. तिथे लागली तरी हरीण बऱ्याचदा पन्नास-शंभर यार्ड धावतं आणि मग पडतं. दोन वीत मागे, पोटात लागली, तर ते तासन्‌तास मरत राहतं. आणि हाताचं गणित साधं आहे. पंचवीस यार्डांवर तुमची चूक दोन इंचांची असेल तर शंभर यार्डांवर ती आठ इंचांची होते. खांद्याला दस्ता नाही, नळी आखूड, हात थंडीने आखडलेले, छाती धडधडतेय. (एक सांगून ठेवतो. मी सोयीसाठी ‘हरीण’ म्हणतोय. तिकडचं म्यूल डिअर हे आपल्या सांबर-चितळाच्या कुळातलं, काळविटाच्या नव्हे.)

मग हे अवघड साधन घ्यायचं कशासाठी? यावर दोन विद्वान उत्तरं आहेत. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ मध्ये एका उमरावाच्या शिकारविषयक पुस्तकाला लांबलचक प्रस्तावना लिहिली. त्याचं म्हणणं, माणसाने आपलं सगळं बळ वापरलं तर शिकार उरतच नाही, नुसता संहार होतो. म्हणून शिकारी स्वतःचा हात आखडता घेतो, जनावराला निसटायला वाव ठेवतो. दुसरं उत्तर बर्नार्ड सूट्‌सचं, १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ मधलं. त्याच्या मते खेळ म्हणजे आपणहून पत्करलेले अनावश्यक अडथळे ओलांडणं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खड्ड्यात टाकता येतो, तरी आपण काठीनेच मारतो.

दोन्ही उत्तरं ऐकायला छान आहेत. वर्गात मी ती वर्षानुवर्षं शिकवली, मुलांनी उतरवून घेतली. पण शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये उभा राहिलो तेव्हा त्यातली खोट दिसली. गोल्फमध्ये अडथळा माझा आणि फजितीही माझी. चेंडूला काही होत नाही. इथे मी अवघड साधन घेतलं आणि माझा नेम चुकला, तर त्या चुकीचं बिल हरणाच्या नावावर फाटतं. अवघडपणा मी निवडला, मिरवला मी, आणि भोगणार तिसराच.

ही गोष्ट आपल्या जुन्या ग्रंथांतही आहे. कौटिल्य राजाच्या व्यसनांचा हिशेब मांडताना द्यूतापेक्षा मृगया बरी म्हणतो. का? व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या-चिडलेल्या जनावराचं मन कळतं. सगळी जमा शिकाऱ्याच्या खात्यात. हरणाची बाजू ऐकायला महाभारताच्या आदिपर्वात जावं लागतं. तिथे पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला समागमात असताना बाण मारला. पांडू म्हणतो, राजे मृगांना मारतातच. त्यावर किंदमाचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: मारलंस म्हणून माझी तक्रार नाही, पण थांबायला हवं होतंस. आक्षेप न थांबण्यावर आहे. तो लक्षात ठेवा.

आता कीथकडे. त्याचे आजचे चाहते त्याला ‘अवघड साधनाचा साधक’ करून टाकतात. मूळ लिखाण वाचलं तर तसं मुळीच दिसत नाही. कीथला अवघडपणाचं कौतुक नव्हतं. तो कामाचा माणूस. घोड्यावर दिवसभर असलेल्या गुराख्याच्या कमरेला काय राहील, आणि वेळ आली तर ते पुरेल का, हा त्याचा प्रश्न. जड गोळी, रुंद नाक, मोठं भोक हा हट्ट त्याने धरला तो हलक्या, नाजूक काडतुसांनी जनावर नुसतं जखमी होतं म्हणून. थोडक्यात, कीथचं सगळं शास्त्र जखमी जनावराच्या धास्तीतून आलेलं आहे. त्याच्या बाजूने एवढं मी मोकळेपणाने म्हणतो.

मग त्याच्यावर आक्षेप काय? ती सुप्रसिद्ध सहाशे यार्डांची गोष्ट. १९७९ च्या आत्मचरित्रात ती आहे. पुस्तकाचं नाव ‘हेल, आय वॉज देअर!’, आपल्या भाषेत ‘अहो, मी स्वतः होतो तिथं!’ (नावातच साक्षीदाराने छाती ठोकलेली.) सोबतच्या शिकाऱ्याने रायफलने म्यूल डिअरचा एक नर जखमी केला, आणि तो निसटून डोंगरापलीकडे चालला. कीथने आपलं चव्वेचाळीस मॅग्नम काढलं, जमिनीवर बैठक घट्ट केली आणि अंदाज घेत झाडत राहिला. आधीच्या गोळ्या चुकल्या, मग लागल्या. सहाशे यार्ड म्हणजे जवळपास साडेपाचशे मीटर; त्या गोळीला तिथवर पोचायला दीड-दोन सेकंद लागत असतील. लोकांनी विश्वास ठेवला नाही. वाद झाला, अजून चालतो: असं घडू शकतं का?

माझ्या मते हा वादच चुकीचा आहे. घडलं असेल. प्रश्न आहे, ही गोष्ट कशाची आहे? नीट वाचली तर ती जखमी जनावराला मरायला सोडून न देण्याची गोष्ट आहे. अशा वेळी अंतराचा विचार मागे पडतो, चुकायला आता काही उरलेलंच नसतं. धडधाकट हरणावर तीच गोळी झाडणं हे नेमकं उलट कृत्य. पण कीथने ती सांगितली ती पराक्रमाच्या सुरात, आकडा पुढे करून. वाचकांनी आकडा उचलला, जखम विसरली. सत्तर-ऐंशी यार्डांवर मोह होणाऱ्या प्रत्येकाला त्या पानाने न मागता परवानगी देऊन ठेवली. लेखक म्हणून हा त्याचा दोष मी मोठा मानतो. त्याने खोटं सांगितलं नसेल, पण खरं चुकीच्या सुरात सांगितलं.

आल्डो लिओपोल्डने म्हटलंय, त्याचा ग्रंथ १९४९ चा, की शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, त्याचं वागणं त्याच्या सद्सद्विवेकावरच चालतं. बरोबर. पण शिकारीचं पुस्तक लिहिलं की प्रेक्षक येऊन बसतात. आणि प्रेक्षकांना लागलेली गोळी हवी असते. चुकलेली थोडीफार चालते. न झाडलेल्या गोळीची कथा कुणी लिहीत नाही, कारण तिच्यात काही घडतच नाही.

ओतीव गोळीभोवतीही असंच एक काव्य जमलंय. स्वतः घडवलेली गोळी, म्हणून कृत्याची जबाबदारी जास्त आपली वगैरे. मी ते ओतकाम पाहिलं. गॅरेजचं दार उघडं, कारण शिशाची वाफ वाईट. गाड्यांच्या चाकांची जुनी शिशाची वजनं विजेच्या भांड्यात वितळवली, मेणाचा तुकडा टाकला, वर आलेली मळी काढली. साचा थंड असल्याने पहिल्या आठ-दहा गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या; त्या परत भांड्यात. मग एकेक चकचकीत गोळी टॉवेलवर पडू लागली. पाहायला आनंद होतो, नाही कशाला म्हणू? पण मी त्यांना जबाबदारीचं तत्त्वज्ञान ऐकवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘प्रोफेसर, हे स्वस्त पडतं. विकतच्या काडतुसांवर मी वर्षाला दोनशे झाडल्या असत्या. यामुळे दोन हजार झाडतो.’

मंडळी, ओर्तेगाच्या प्रस्तावनेत मला न सापडलेली गोष्ट या वाक्यात आहे. ओतीव गोळीचं नैतिक मोल असेलच, तर ते तिच्या स्वस्ताईत आहे. कागदावर झाडलेल्या दोन हजार गोळ्या माणसाला सांगतात की त्याचा हात किती अंतरापर्यंत खरा आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते अंतर त्यांच्या अभिमानापेक्षा बरंच कमी निघतं.

शिशाबद्दल एकच सांगतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कारण मेलेल्या जनावरांतलं शिसं खाऊन काँडोर गिधाडं मरत होती. सावकाश जाणारी ओतीव गोळी आत फारशी फुटत नाही, हे खरं. पण जे हरीण जखमी होऊन हरवलं, ते शिशासकट रानात पडतं. म्हणजे चुकलेल्या नेमाचं बिल पुढे गिधाडाकडेही जातं.

माझे शेजारी स्वतःबद्दल फार बोलत नसत. निघायच्या आदल्या दिवशी मात्र बोलले. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी सत्तर यार्डांवरून झाडली होती. लागली, पण मागे. रक्ताचा माग अंधारात हरवला. दुसऱ्या दिवशी शोधलं, तिसऱ्या दिवशी शोधलं. सापडलं नाही. त्यानंतर त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने ३५ हा आकडा लिहिला. मी तो रोज पाहत होतो आणि मला वाटत होतं की पाना-बिनाचं माप असेल.

मी विचारलं, ‘मग गेल्या मोसमात?’

‘चाळीसवर आलं होतं,’ ते म्हणाले. ‘आडवं उभं. अर्धा तास होतं तिथं. मग गेलं.’

‘आणि तुम्ही?’

‘मी पण घरी आलो. पाय गारठले होते.’