दोन आवाजांच्या मधला माणूस

खापरीहून सुटलेली मेट्रो विमानतळ ओलांडते तोवर एक गाणं पूर्ण ऐकून होतं. ‘मिले सूर मेरा तुम्हारा’. साधारण सहा मिनिटं. हे गाणं १५ ऑगस्ट १९८८ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, तरी ते मला पाठ आहे, कारण शाळेत स्वातंत्र्यदिनाला ते दरवर्षी वाजायचं. भीमसेनजी, बालमुरलीकृष्ण, लताबाई, सगळे आवाज ओळखीचे.

मध्यंतरी एकदा हेडफोन लावून ऐकताना ठरवलं, की आज गाणाऱ्यांकडे लक्षच द्यायचं नाही. एक भाषा संपते आणि दुसरी सुरू होते, त्या मधल्या दोन-चार सेकंदांत काय होतं तेवढं ऐकायचं. काश्मिरीतून पंजाबीत, तमिळमधून कन्नडमध्ये आपण जातो कसे? चौदा भाषा, तितक्याच तऱ्हांची गाण्याची ढब, आणि तरी कुठे धक्का बसत नाही. हे आपोआप होत नाही. कुणीतरी बसून ते केलेलं असतं.

ते करणारा माणूस म्हणजे लुई बँक्स. जॅझ पियानोवादक, संगीतकार, ‘भारतीय जॅझचे गॉडफादर’. ही शेवटची पदवी त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात सापडते, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. एकदा गॉडफादर म्हटलं की नमस्कार करून मोकळं होता येतं. ऐकायची गरज उरत नाही.

आधी माणूस. बँक्स यांचा जन्म १९४१चा, दार्जिलिंगमधला, नेपाळी भाषिक घरातला. मूळ नाव दंबर बहादूर बुढापृथी. वडील पुष्कर बहादूर ट्रम्पेट वाजवायचे. कोलकात्याच्या बँडमध्ये त्यांचं नाव जॉर्ज बँक्स झालं, आणि मुलाला त्यांनी लुई आर्मस्ट्राँगवरून लुई केलं. आजोबा बखतवीर बुढापृथी यांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची चाल बांधली होती. ते राष्ट्रगीत २००६पर्यंत होतं. म्हणजे आजोबांची चाल एका देशाचं राष्ट्रगीत, आणि नातवाचं संयोजन शेजारच्या देशात राष्ट्रगीताच्या खालोखाल पाठ असलेलं गाणं. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच जुळवून आणलंय.

कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये बँक्स वाजवायचे. गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस सोबत असत. तिथे राहुल देव बर्मन यांनी त्यांना ऐकलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बँक्स मुंबईत आले. त्याच सुमारास, १९७८मध्ये, निरंजन झवेरींनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू केला. रंगभवनच्या उघड्या मंचावर जगातले मोठे जॅझवाले वाजवून गेले. पण महोत्सवावर घर चालत नाही. घर चालतं ते सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या रेकॉर्डिंगवर. तिथे बँक्स यांनी ढिगाने काम केलं.

त्यांची कारकीर्द सांगण्याची ठरलेली पद्धत म्हणजे दोन रकाने. डावीकडे ‘खरं’ जॅझ: इंडो-जॅझचे प्रयोग, परदेश दौरे, ग्रॅमी नामांकनं. उजवीकडे ‘पोटापाण्याचं’: जिंगल्स, सिनेमा, संयोजन. डावीकडचं गौरवानं सांगायचं, उजवीकडचं जाता जाता. माझं म्हणणं उलट आहे. बँक्स यांची संगीतकार म्हणून सगळ्यात मोठी कामगिरी उजव्या रकान्यात आहे. ती दिसत नाही, कारण संयोजन हे काम ऐकायला आपण शिकलेलोच नाही.

‘मिले सूर’ भैरवीत आहे. आपल्याकडे तानपुरा एकच षड्ज धरून असतो. गायक कुठेही फिरून आला तरी घर जागेवर असतं. जॅझमध्ये घरच हलतं. घरी हार्मोनियम असेल तर करून बघा. सा, कोमल ग आणि प एकदम दाबा आणि मनातल्या मनात कोमल गंधारावर थांबा. उदास वाटेल. आता तोच गंधार धरून ठेवा आणि बाकीची बोटं सरकवून कोमल ध आणि सा दाबा. गंधार तोच आहे, पण आता तो कोमल धैवताचा पंचम झालाय. एकदम मोकळा, घट्ट उभा वाटतो. गाणाऱ्यानं काहीच केलेलं नाही. खालची जमीन बदलली.

ही ताकद जॅझ पियानोवादकाच्या हातात असते, आणि तोच धोकाही असतो. जमीन फार हलवली तर भैरवीची भैरवी राहत नाही, नुसता वेस्टर्न स्केल उरतो. ‘फ्यूजन’ नावाचं पुष्कळसं संगीत इथेच पडतं: वर आलाप, खाली कॉर्ड्सची गर्दी, आणि दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. ‘मिले सूर’मध्ये सुरुवातीला भीमसेनजींच्या आवाजाखाली फार थोडं आहे. तो आवाज स्वतःच जमीन आहे, त्याला आधार द्यायला जाणं हा आगाऊपणा ठरला असता. पुढे भाषा बदलते तशी वाद्यं बदलतात, ठेका जरा अंग बदलतो, ओळ तीच राहते. वाद्यमेळ इतका सावकाश भरत जातो की लताबाईंपर्यंत पोचेपर्यंत आपण किती मोठ्या आवाजात आलोय हे कळत नाही. एवढं सगळं येणाऱ्या माणसानं इतकं कमी करणं, यात मला त्यांचं जॅझ ऐकू येतं. जॅझ म्हणजे वेगानं सोलो वाजवणं एवढंच नसतं. दुसऱ्याचं वाजवणं ऐकून आपण काय वाजवायचं नाही हे त्या क्षणी ठरवणं, तेही जॅझच.

आता श्रेयाचं. गाणं लिहिलं पीयूष पांडे यांनी. चालीसाठी कुठे अशोक पत्कींचं नाव सापडतं, कुठे भीमसेनजींचं, कुठे बँक्स यांचं. संयोजक म्हणून बँक्स असतात, पण कधी एकटे, कधी आणखी कुणासोबत. मी कोड लिहितो. आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळ कोणी, कधी लिहिली ते पडद्यावर येतं. या गाण्यावर ती चालवता आली असती तर बरं, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, तिचाही उपयोग झाला नसता. ती ओळ कोणाची ते सांगते. दोन ओळी एकमेकींशी भांडू नयेत म्हणून कोणी मधे उभं राहून काय काय काढून टाकलं, ते ती सांगत नाही. संयोजनातलं निम्मं काम काढून टाकण्याचं असतं.

हा प्रश्न बँक्स यांच्यापासून सुरू होत नाही. त्याची एक वाट आमच्या नागपुरातून जाते. राम चितळकर म्हणजे सी. रामचंद्र काही काळ इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. वसंतराव देशपांडेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. पुढे याच चितळकरांनी हिंदी सिनेमात स्विंग आणलं, आणि त्यासाठी त्यांच्यासोबत होते गोव्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, टोपणनाव चिक चॉकलेट. ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पण ते अपवादच. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाला आकार देणारे सेबॅस्टियन डिसूझा, व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस ही माणसं स्वरलिपी लिहायची, वाद्यमेळ बसवायची, आणि पोस्टरवर नाव दुसऱ्याचं असायचं. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो वाद्यवृंद टिकला नाही. आज त्यांचं नाव लोकांना माहीत आहे ते अमिताभच्या एका विनोदी गाण्यामुळे. ते गाणं त्यांच्या शिष्यानं, प्यारेलालजींनी, गुरूला केलेला सलाम होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

बँक्स या वाटेवरचे बहुधा सगळ्यात यशस्वी प्रवासी. त्यांना नाव मिळालं, मान मिळाला. जॉन मॅकलॉफ्लिन यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट’ आणि माइल्स डेव्हिसच्या संगीताला भारतीय वादकांनी भिडण्याचा प्रयत्न असलेला ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ हे दोन्ही अल्बम २००८चे. दोन्हींत बँक्स वाजवतात, आणि ग्रॅमीच्या समकालीन जॅझच्या एकाच गटात दोन्हींना नामांकन होतं. ‘फ्लोटिंग पॉइंट’ चेन्नईत रेकॉर्ड झाला. त्यात पाहुणे वादक बदलत राहतात: कधी बासरी, कधी मँडोलिन, कधी स्लाइड गिटार. बँक्स यांचा कीबोर्ड मात्र मागे कायम आहे, चौकटीसारखा. अल्बम तीनदा ऐकल्यावर मला कळलं, की मी पुन्हा तेच ऐकतोय जे मेट्रोत ऐकलं होतं. दोन आवाजांच्या मधली जागा सांभाळणारा माणूस.

आणि इथेच मला त्यांच्याबद्दलची अडचण सांगितली पाहिजे. थेलोनियस मंकचा पियानो ऐका. तो अडून बसतो. चुकीची वाटेल अशी कॉर्ड मधेच आपटतो आणि म्हणतो, आता तुम्ही काय ते बघा. सोबतच्यांना वाट बदलावी लागते. बँक्स यांच्या वादनात हा नकार मला क्वचित सापडतो. हात विलक्षण तयार, कान त्याहून तयार, पण समोरच्याला अडचणीत टाकायची तयारी कमी. सगळ्यांना जागा देणाऱ्या माणसाला स्वतःची जागा मागायची सवय राहत नाही की काय, असं वाटत राहतं. इतक्या मोठ्या कारकिर्दीत ‘हे माझं, फक्त माझं’ म्हणून हातात ठेवावेत असे अल्बम मोजकेच आहेत. काही दोष बाजारपेठेचा, कारण जॅझच्या रेकॉर्डवर पैसे लावणारं आपल्याकडे कोण होतं? पण काही निवड त्यांचीही असणार.

या गुणाची मर्यादा २०१०मध्ये उघडी पडली. ‘फिर मिले सूर’ नावाची नवी आवृत्ती आली. सुमारे १६ मिनिटांची, सिनेतारे आणि तारे-वादकांनी भरलेली. संगीताच्या बाजूला पुन्हा बँक्सच. मी ती दोनदा पूर्ण ऐकली, आणि दुसऱ्यांदा जड गेलं. प्रत्येक जण आपल्या एन्ट्रीची वाट बघत थांबलाय, मिनिटभर चमकतोय आणि जातोय. सांधे झाकलेले नाहीत, उलट प्रत्येक सांध्यावर नवा दिवा लागतोय. १९८८मध्ये संयोजकानं लोकांना एका ओळीत बसवलं होतं. २०१०मध्ये त्याला पाहुण्यांना खुर्च्या द्याव्या लागल्या. इथे कुणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. दहा मिनिटं कापायला हवी होती. काढून टाकण्यात ज्याचा हात धरणारं कोणी नाही, त्याच्याच नावावर हे आहे याचं मला वाईट वाटलं.

मग एवढं लिहून त्यांना लहान केलं का? मला तसं वाटत नाही. ज्याचं काम ऐकून भांडता येतं तोच कलावंत आपल्यासाठी जिवंत असतो. गॉडफादरशी कोणी भांडत नाही.

फोनवरच्या ॲपमध्ये गाण्याखाली गायकाचं नाव ठळक दिसतं. संयोजकाचं नाव असलंच तर दोन-तीन ठिकाणी बोट लावल्यावर सापडतं. पुढच्या वेळी ‘मिले सूर’ लागलं की ते न शोधता एवढंच करा: एक आवाज थांबतो आणि दुसरा अजून सुरू झालेला नसतो, तेवढ्या वेळात काय वाजतंय ते ऐका. बर्डी येईपर्यंत ते तीनदा ऐकून होतं. मला तिसऱ्यांदा कळलं.