करुण की विप्रलंभ? : जेंगिझ दाग्जी यांच्या कादंबऱ्या आणि न्यायाची अपेक्षा

एखादा समाज आपल्या भूमीतून समूळ उखडला जातो, तेव्हा त्याच्या लेखकांपुढे दोन कामे एकाच वेळी उभी राहतात. गेलेल्याचा शोक करावयाचा असतो आणि हिरावलेल्याची मागणीही करावयाची असते. पहिल्या कामाला कलेची मान्यता सहज मिळते. दुसऱ्याकडे मात्र रसिक साशंक दृष्टीने पाहतात. न्याय मागू लागलेली ललितकृती प्रचाराच्या पातळीवर उतरते, असा समज आपल्या समीक्षेत बराच रूढ आहे. तो कितपत टिकण्याजोगा आहे, याचा विचार क्रिमियन तातारांचे कादंबरीकार जेंगिझ दाग्जी (१९१९–२०११) यांच्या लेखनाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम या लेखनामागील इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १८ मे १९४४ रोजी पहाटे सोव्हिएत सुरक्षादलांनी क्रिमियातील तातारांची घरे रिकामी करण्यास आरंभ केला. तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे मालगाड्यांत भरून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठविण्यात आली. जर्मन आक्रमकांशी संगनमत केल्याचा आरोप साऱ्या जमातीवर ठेवला गेला. त्यातून वृद्ध सुटले नाहीत, तान्ही मुले सुटली नाहीत आणि लाल सैन्यात लढून परतलेले सैनिकही सुटले नाहीत. पाठोपाठ गावांची नावे बदलण्यात आली. दाग्जी यांचे बालपण जेथे गेले, ते किझिलताश १९४५ मध्ये क्रास्नोकामेन्का झाले. दोन्ही नावांचा अर्थ तांबडा दगड असाच आहे. अर्थ राहू दिला, भाषा तेवढी हद्दपार केली! पुढे २८ एप्रिल १९५६ च्या हुकमाने या लोकांवरील निर्बंध उठले. परंतु परतण्याचा आणि मालमत्तेचा हक्क नाकारला गेला. ५ सप्टेंबर १९६७ च्या हुकमाने सामूहिक आरोप मागे घेतला, तोही ‘क्रिमियात पूर्वी राहणारे तातार राष्ट्रीयत्वाचे नागरिक’ अशा आडवळणाच्या शब्दांत. दोषमुक्ती झाली खरी, परंतु ज्याला दोषमुक्त करावयाचे त्याचे नावच निकालपत्रातून नाहीसे झाले.

दाग्जी यांनी ही हकालपट्टी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. लाल सैन्यातील हा तरुण १९४१ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीतील नरकवासानंतर तो जर्मनांनी उभारलेल्या तुर्कस्तान पलटणीत गेला आणि युद्ध संपल्यावर लंडनला स्थायिक झाला. तेथे राहून त्याने तुर्की भाषेत लिहिले, ग्रंथ इस्तंबूलला प्रसिद्ध झाले आणि क्रिमियाचे दर्शन त्याला जिवंतपणी पुन्हा घडले नाही.

या चरित्रातील सर्वांत अडचणीचा भाग दाग्जी यांनी आपल्या पहिल्याच दोन कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आणला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘भयंकर वर्षे’ (१९५६) आणि ‘देश गमावलेला माणूस’ (१९५७) यांचा नायक सादिक तुरान हा लेखकाप्रमाणेच सोव्हिएत अधिकारी, मग कैदी आणि मग जर्मन गणवेशातील सैनिक होतो. जमातीची बाजू मांडणाऱ्या वकिलाने असा साक्षीदार कधीही पुढे केला नसता. आपला प्रत्येक माणूस निष्कलंक होता, हे दाखविण्याचा मोह अशा वाङ्मयाला नेहमी पडतो. परंतु प्रत्येकाच्या निष्कलंकतेवर न्यायाची मागणी उभारली, तर आरोप करणाऱ्याचे तर्कशास्त्रच आपण मान्य केल्यासारखे होते. एक दोषी निघाला की सारे दोषी, हाच तर त्याचा सिद्धांत! सादिकच्या पायवाटेने जाताना वाचकाला कळून येते की दोष असलाच तर तो एका माणसाचा असतो, त्याच्या भुकेचा, भयाचा आणि निवडीचा असतो. जमातीला दोष चिकटत नाही. येथे कलेचे इमान आणि न्यायाची गरज यांत विरोध उरलेला नाही. कलावंताने व्यक्तीला व्यक्ती म्हणून पाहिले आणि तेवढ्यानेच सामूहिक शिक्षेचा पाया डळमळला.

यानंतरच्या दोन कादंबऱ्यांची शीर्षके विचार करण्याजोगी आहेत. १९५८ ची कादंबरी ‘ओन्लार दा इन्सान्दी’, म्हणजे ‘तीही माणसेच होती’. १९६६ ची ‘ओ तोप्राक्लार बिझिम्दी’, म्हणजे ‘ती भूमी आमची होती’. पहिल्या शीर्षकातील ‘दा’, आपला ‘ही’, हा इवलासा अव्ययशब्द काळजाला घरे पाडणारा आहे. ज्याचे माणूसपण कुणी नाकारलेलेच नाही, त्याला ‘आम्हीही माणसे’ असे सांगावे लागत नाही. त्या ‘ही’मध्ये विनवणी आहे आणि विनवणी करावी लागल्याचा अपमानही आहे. दुसऱ्या शीर्षकात तो ‘ही’ गळून पडला आहे. येथे सर्वनाम बदलले, ‘ती’ माणसे ‘आम्ही’ झाली आणि विनवणीच्या जागी मालकीचे विधान आले.

तथापि एक गोष्ट दोन्ही शीर्षकांत कायम राहिली आहे. ती म्हणजे भूतकाळ. आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना भेद येथे उपयोगी पडतो. करुण आणि विप्रलंभ या दोहोंतही वियोग आहे, अश्रू आहेत. परंतु भरताने करुण निरपेक्ष मानला आणि विप्रलंभ सापेक्ष. पुनर्भेटीची आशा खुंटली की करुण. ती आशा जिवंत असेल तोवर विप्रलंभ. निर्वासितांच्या वाङ्मयाची खरी कसोटी, माझ्या मते, याच ठिकाणी आहे. शुद्ध करुणाला न्याय नकोच असतो. त्याला सहृदयाचे द्रवलेले मन पुरते. न्यायाची मागणी केवळ अपेक्षेतूनच जन्मास येते.

लंडनमध्ये दाग्जी ‘होती’ लिहीत असताना उझबेकिस्तानातील त्यांचे जातभाई वर्तमानकाळात बोलत होते. लाखाहून अधिक सह्यांचे अर्ज मॉस्कोला जात होते. १७ मार्च १९६८ रोजी रशियन लेखक अलेक्सेय कोस्तेरिन यांच्या वाढदिवसानिमित्त जमलेल्या तातारांपुढे पदच्युत जनरल पेत्रो ग्रिगोरेन्को यांनी निक्षून सांगितले की, जे बेकायदा हिरावले गेले त्यासाठी याचना करू नका, ते हक्काने मागा. अर्ज आणि हक्क यांतील हे अंतर ‘तीही माणसेच’ आणि ‘भूमी आमची’ यांतील अंतराशी नेमके जुळते.

मग दाग्जी यांचा भूतकाळ ही त्यांची मर्यादा समजावी काय? अंशतः होय. त्यांच्या पात्रांना परतीची वाट दिसत नाही आणि ‘ती भूमी’ पुष्कळदा स्मृतीने उजळलेले, काळाबाहेरचे चित्र होऊन बसते. परंतु मालकीचा कोणताही दावा भूतकाळातच सिद्ध करावा लागतो, हेही विसरता येत नाही. जेथे नकाशावरील नावे पुसली गेली, तेथे गाव, शेत, डोंगर आणि शेजारी यांची तपशीलवार नोंद ठेवणारी कादंबरी ही एक साक्ष ठरते. पात्रांची आशा खुंटते, परंतु इतक्या बारकाईने दाखविलेली भूमी कायमची गेली, हे वाचकाचे मन मान्य करीत नाही. अपेक्षा पात्रांकडून वाचकाकडे येते. पात्रांचा करुण वाचकाच्या ठायी विप्रलंभ होतो. न्याय मागणाऱ्या कलेचे कार्य घडते ते असे, घोषणेवाचून.

१९८९ नंतरच्या दशकात सुमारे अडीच लाख तातार क्रिमियात परतले. २०११ मध्ये दाग्जी यांचा देहही लंडनहून नेऊन किझिलताशच्या मातीत ठेवण्यात आला. पुढे २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडून घेतला आणि २०१६ मध्ये तातारांच्या मेजलिस या प्रातिनिधिक संस्थेवर बंदी घातली. ‘ती भूमी आमची होती’ या वाक्यातील क्रियापदाचा काळ अजून ठरावयाचाच आहे, आणि तो ठरेपर्यंत या कादंबऱ्या केवळ शोकाच्या म्हणून वाचणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.