किमान म्हणजे किती?

अभ्यासक्रमावर टीकालेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, हे पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु लेव्ह लांदाऊने १९३०नंतरच्या दशकात खार्कोव्ह येथे सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचा जो अभ्यासक्रम आखला, तो एखाद्या ग्रंथासारखाच वाचावा लागतो. त्याला कर्त्याचा स्वभाव आहे, आग्रह आहे आणि थोडा खाष्टपणाही आहे.

'थिअरेटिकल मिनिमम', म्हणजे किमान ज्ञान, हे त्याचे नाव. पण हे किमान म्हणजे नऊ परीक्षा! दोन गणिताच्या, सात पदार्थविज्ञानाच्या. गणिताची पहिली परीक्षा लांदाऊ स्वतः घेई. तिथे सिद्धान्तांच्या सिद्धता म्हणून दाखवायच्या नसत. समोर टाकलेले गणित सोडवायचे, बस्स. १९६१पर्यंत उत्तीर्णांच्या यादीत अवघी ४३ नावे चढली.

लिफ्शित्झच्या हातून उतरलेले या पठडीचे ग्रंथ अधिक मोहक आहेत. न्यूटनचे तीन नियम घोकून आलेल्या विद्यार्थ्याला यंत्रशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात ते नियम आरंभी भेटतच नाहीत. 'क्रिया' नावाच्या एका राशीविषयीचे एकच तत्त्व मांडायचे आणि गतीची समीकरणे त्यातून उलगडत न्यायची! वाचताना मन हरखून जाते. मात्र या तत्त्वापर्यंत पोचताना थोरामोठ्यांनी किती आडवाटा तुडवल्या, याचा मागमूस तिथे नाही. बांधून झालेले घर दिसते. परांची केव्हाच उतरवलेली. स्वतः बांधकाम करू पाहणाऱ्या मुलाने शिकायचे कुठून?

आणि एकाच माणसाच्या अभिरुचीवर अभ्यासक्रम उभारला की तिच्याबरोबर तिचे पूर्वग्रहही येतात. १९५०नंतरच्या दशकात लांदाऊचा क्वांटम क्षेत्रसिद्धान्तावरचा विश्वास उडाला होता. पुढे १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी अणुगर्भातील प्रबळ बलाचे कोडे त्याच वाटेने उकलण्याची दिशा दाखवली. गुरूने टाकून दिलेली वाट शिष्यांनी चोखाळावी, एवढी मोकळीक या नऊ दरवाजांच्या वाड्यात होती का? मला शंका आहे.

तरीही हे ग्रंथ मी सोडणार नाही. जानेवारी १९६२मधल्या मोटार अपघाताने लांदाऊचे संशोधन कायमचे थांबले; १९६८ साली तो गेला. उरलेले खंड लिफ्शित्झने पितायेव्ह्स्की आदी सहकाऱ्यांसह पुरे केले. दहावा १९७९ साली निघाला. त्यातही सूर तोच: वाचक मागे राहिला, तर त्याच्यासाठी थांबणे नाही.