कारचं हँडल आणि विसरलेला हात

आपल्या या मालेत आजवर कविता झाली, नाटक झालं, मागच्या वेळी चित्रपट झाला. आज मी समीक्षेला घेतलेली कृती बाहेर उन्हात उभी आहे. मोटारीच्या दाराचं हँडल. हसा, हरकत नाही. पण समीक्षा म्हणजे घडवलेल्या वस्तूला 'तू अशीच का झालीस?' हे विचारणं, एवढं मान्य असेल तर दिवसातून दहा वेळा हातात येणारी वस्तू त्यातून का सुटावी?

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. नागपूरचा मे महिना, दुपारचे दोन, पारा ४५ च्या आसपास, गाडी सकाळपासून उघड्यावर. हँडलला हात लावला आणि 'आई गं' म्हणायच्या आधीच तो मागे आला. या 'आधीच'पाशी देकार्त थांबला होता. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या माणसाविषयीच्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेल्या मुलाचं एक चित्र आहे. दोरी ओढली की घंटा वाजावी तसा पाय मागे येतो, असं त्याचं स्पष्टीकरण. लॉकनं पुढे विचारलं, की तोच विस्तव लांबून ऊब देतो आणि जवळून वेदना देतो, मग ऊब विस्तवात आणि वेदना माझ्यात, असं का म्हणायचं?

आपल्या न्याय-वैशेषिकांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकानं धरला. उष्ण स्पर्श हा तेजाचा गुण, हे ठरलं. मग अडचण आली सोन्याची. सोनं त्यांच्या हिशेबी तैजस, पण हाताला गरम कुठे लागतं? तर्कसंग्रह आणि त्यावरच्या टीका वाचणाऱ्यांना उत्तर ठाऊक असेल : त्यातल्या पार्थिव अंशानं उष्ण स्पर्श झाकला जातो. हे भौतिकशास्त्र म्हणून आज कोणी मानणार नाही. पण त्यामागची जाण तल्लख आहे. वस्तूची उष्णता एक आणि हाताला लागणारी उष्णता दुसरी.

हे पडताळायला प्रयोगशाळा नको. जुन्या वाड्याचं लाकडी दार घ्या, त्याला लोखंडी कडी. दोघांवर ऊन सारखंच. फळीवर तळवा ठेवता येतो, कडीवर ठेवता येत नाही. लोखंड आतली उष्णता झपाट्यानं पृष्ठभागाकडे आणि तिथून बोटात ढकलतं. लाकूड चिक्कू आहे, ते थेंबाथेंबानं देतं. म्हणून भाजण्याच्या मर्यादा ठरवताना पदार्थ पाहतात. उघड्या धातूला एक सेकंद स्पर्श झाला तर साधारण ६५ ते ७० अंशांना त्वचा भाजू शकते, लाकूड त्याहून बरंच तापलेलं चालतं. पण हात मिनिटभर टेकून राहिला तर ५१ अंश पुरतात, मग पदार्थ कोणताही असो.

आता यात आपल्या हवामानाचा आकडा घाला. त्वचेतला जो ग्राहक उष्णतेची वेदना कळवतो तो साधारण ४३ अंशांना जागा होतो. गंमत म्हणजे हाच ग्राहक मिरचीच्या तिखटानंही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. सावजी रस्सा आणि तापलेलं हँडल, दोघांची घंटा एकच! पण हसून झाल्यावर आकड्याकडे बघा. विदर्भात मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे सावलीत उभ्या गाडीचं हँडलही वेदनेच्या उंबरठ्यावर उभं आहे. ऊन ही वरची भर.

मग या हवेसाठी आपण हँडल कसं केलं? जुन्या अँबॅसडरचं हँडल चकचकीत, भरीव धातूचं होतं, त्याचा चटका तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. आज बहुतेक 'क्रोम' म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला धातूचा पातळ थर, त्यामुळे तो पूर्वीइतका भाजत नाही, हे न्यायानं सांगितलं पाहिजे. पण तापतो मात्र चांगलाच. चकाकता धातू बरंचसं ऊन परतवतो खरा, पण जेवढं शोषतो ते किरणांवाटे बाहेर टाकायला तो फार कंजूष आहे. पांढरा रंग दोन्ही कामं नीट करतो.

आणि आता माहितीपत्रक उघडा. स्वस्त आवृत्तीला काळं प्लास्टिक, मधल्या आवृत्तीला गाडीच्या रंगाचं हँडल, वरच्या आवृत्तीला क्रोम. पैसे वाढतात तशी चकाकी वाढते. सगळा क्रम डोळ्यासाठी लावलेला आहे. पायरीपायरीनं हाताचं काय होतं, याचा एक शब्द त्या पानावर नसतो. माझी या कृतीविरुद्धची मुख्य तक्रार हीच. स्वयंपाकघरातला कुकर बघा, त्याचा दांडा काळा, जाड, बॅकेलाइटचा. दिसायला कुरूप म्हणा हवं तर. पण तो घडवणाऱ्याला एक हात दिसत होता.

गाडीच्या बाबतीत तो हात दिसत नाही, कारण बऱ्याचदा तो मालकाचा नसतोच. कुठल्याही मोठ्या कार्यालयाच्या वाहनतळावर दुपारी पाच मिनिटं उभे राहा. साहेब निघाले असा फोन येतो. ड्रायव्हर गळ्यातला दुपट्टा हाताला गुंडाळतो, दार उघडतो, एसी लावतो, चारही दारं क्षणभर उघडी टाकतो. साहेब येतात तेव्हा दारही तोच धरतो. चकाकीची किंमत मोजणारा एक, चटका सोसणारा दुसरा. सौंदर्यशास्त्राची पुस्तकं आस्वादकाबद्दल बोलतात. या दुसऱ्या माणसाला त्यांत काय नाव आहे, मला सापडलेलं नाही.

आणखी एक हात आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. मधुमेहानं ज्याच्या बोटांतली संवेदना गेली आहे त्याचा. देकार्तची दोरी तिथे तुटलेली असते. तुमचा-माझा हात अर्ध्या क्षणात सुटतो, म्हणून आपण चटक्यावर विनोद करू शकतो. ज्याची घंटाच वाजत नाही तो शांतपणे धरून ठेवतो, दारात उभा राहून बोलत बसतो, आणि फोड संध्याकाळी दिसतो. माझ्या वयाच्या माणसांत असे हात थोडे नाहीत. लहान मुलांची त्वचा पातळ, ते निराळंच.

उपाय विचाराल, तर आहेत. गाडी अशी लावा की चालकाची बाजू पश्चिमेच्या उन्हात येणार नाही. बाटलीतलं थोडं पाणी हँडलवर ओता, वाळेपर्यंत ते बरंच निवतं. दुपट्टा, रुमाल हाताशी ठेवा. ओढायचं हँडल असेल तर बोटं मागून घाला आणि वरच्या चकचकीत भागाला अंगठा लावू नका. मागची बाजू सावलीत असते. बाजारात मिळणाऱ्या क्रोमच्या चिकटपट्ट्या वरून लावू नका, लावल्या असतील तर काढा. संवेदना कमी असेल त्यानं दुसऱ्याला दार उघडायला सांगावं, यात कसला कमीपणा? हे सगळं उपयोगी आहे. पण यातला प्रत्येक उपाय वस्तूची चूक हाताच्या अंगावर टाकतो, हे समीक्षकानं नोंदवायला हवं.

चांगलं हँडल कसं असेल? फिकट, चकाकी नसलेलं, पकडीच्या बाजूला उष्णता सावकाश देणारं, आणि मागे एवढी पोकळी ठेवणारं की फडकं गुंडाळलेली चार बोटं आत जावीत. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घालतो आहे, कारण फॅशन नेमकी उलट चालली आहे. आता हँडलं दाराच्या पत्र्यात सपाट दडवतात. वाऱ्याचा अडसर थोडा कमी होतो, रेषा अखंड दिसते, छायाचित्र सुंदर येतं. पण काही गाड्यांत उघड्या अंगठ्यानं एक टोक दाबायचं आणि उघड्या बोटांनी दुसरं ओढायचं. दुपट्ट्याला जागाच नाही. हायडेगर म्हणाला होता की हातोडा नीट चालतो तेव्हा तो लक्षातच येत नाही, हातात विरून जातो. इथे हँडल डोळ्यापुढून विरलं आहे आणि हाताला मात्र ते दर दुपारी सापडतं.

गाडी घ्यायला जाल तेव्हा ती तुम्हाला एसीतल्या काचेच्या दालनात, दिव्याखाली दाखवतील. त्यांना म्हणा, हीच गाडी बाहेर काढून ठेवा, मी दोन वाजता येतो. आणि येताना ड्रायव्हर असेल तर त्याला बरोबर घ्या, दार त्याला उघडू द्या, आणि त्यानं काही सांगितलं तर ऐका.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा, तिथे पंखा नाही.