जेम्सटाउनची भूक आणि जॉन स्मिथचा शब्दसंग्रह

अमेरिकेतील पहिल्या टिकाऊ इंग्रजी वसाहतीचा इतिहास मुख्यतः कॅप्टन जॉन स्मिथच्या लेखणीतून जगापुढे आला, आणि त्यामुळे त्या लेखनाची चर्चा दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : स्मिथ खरे सांगतो की खोटे? १६०८ साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या पहिल्या वृत्तांतात पोकाहोन्टासने आपले प्राण वाचविल्याचे तो कोठेही सांगत नाही. १६२४ च्या ‘जनरल हिस्टरी’त मात्र तो प्रसंग ठसठशीतपणे येतो. तोवर पोकाहोन्टास १६१७ मध्ये व तिचा पिता पौहाटन १६१८ मध्ये निवर्तला होता, म्हणजे साक्षीदार उरले नव्हते. हेन्री ॲडम्सने १८६७ मध्ये याच विसंगतीवर कठोर प्रहार केला. परंतु १६०८ चा वृत्तांत स्मिथच्या अनुपस्थितीत, दुसऱ्याच्या हातून काटछाट होऊन छापला गेला, हेही विसरता येत नाही. गाळलेल्या मजकुराच्या मौनावरून निकाल देणे कोणत्याही पाठचिकित्सकाला रुचणार नाही.

या वादात स्मिथचा एक लहानसा मजकूर उपेक्षित राहिला आहे. १६१२ साली ऑक्सफर्ड येथे छापलेल्या ‘अ मॅप ऑफ व्हर्जिनिया’ या पुस्तकाच्या आरंभी पौहाटन लोकांच्या भाषेतील काही शब्द व वाक्ये इंग्रजी अर्थांसह दिली आहेत. भूगोलवर्णनाला जोडलेले परिशिष्ट एवढीच किंमत त्यास सामान्यतः दिली जाते. वस्तुतः वसाहतीच्या पहिल्या दोन वर्षांचा इतका निर्व्याज पुरावा स्मिथच्या वर्णनपर गद्यात क्वचितच सापडेल. कारण येथे त्याला शौर्य सांगावयाचे नव्हते.

डिसेंबर १६०६ मध्ये लंडन सोडलेल्या तीन जहाजांतून सुमारे १०४ वसाहतकार मे १६०७ मध्ये जेम्स नदीच्या काठी उतरले. त्यांत अंगमेहनतीची सवय नसलेले ‘जंटलमन’ बरेच होते. भोवतालचे पाणी खारट व रोगट. आणि वृक्षांच्या वार्षिक कड्यांच्या १९९८ मधील अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे १६०६ ते १६१२ हा काळ त्या प्रदेशातील ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सप्तवर्षकाल होता. पहिल्या वर्षअखेरीस चाळिसाहूनही कमी माणसे जिवंत राहिली. ज्यांच्याकडे मका मागावयाचा, ते स्वतःच अवर्षणाने गांजलेले होते, ही गोष्ट इंग्रजांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

शब्दसंग्रहाचा प्रारंभ ‘याला तुम्ही काय म्हणता’ या अर्थाच्या पृच्छेने होतो. मागाहून पुरुष, स्त्री, मुलगा, घरे, कातडी, पादत्राणे असे शब्द येतात. आणि लगेच धनुष्य, बाण, तरवारी, ढाल, बंदुका, कुऱ्हाडी, चाकू! तांब्याला शब्द आहे, लोखंडाला आहे. मित्रांना आहे, शत्रूंना आहे, आणि शत्रूंतील अतिदुष्टांना वेगळा आहे. पाणी, मासे, मांस आहेत. पण ज्या मक्यासाठी वसाहत तळमळत होती त्याला या यादीत स्थान नाही. त्याच्या खाद्यप्रकारांची नावे पुस्तकाच्या पुढील वर्णनात विखुरली आहेत. ही यादी शिकण्याच्या क्रमाने झाली की आठवणीच्या क्रमाने, हे सांगणे कठीण. परंतु देवघेव आणि संशय या दोन व्यवहारांतून ती घडली आहे, हे उघड दिसते. ‘मोकासिन्स’, ‘टोमाहॅक्स’ अशा रूपांना शेवटी लागलेला सकार हा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय आहे. शब्द उचलतानाच त्यांना आपल्या व्याकरणाचे कपडे चढविण्याची घाई त्यात प्रकट होते.

या यादीतील पहिले दीर्घ वाक्य विशेष मननीय आहे : आणखी इंग्रजी जहाजे किती दिवसांत येथे येतील, असा त्याचा स्मिथने दिलेला आशय. हे वाक्य कोणाच्या मुखातील? शब्दसंग्रह प्रवाशाच्या उपयोगासाठी आहे असे मानले, तर हा प्रश्न निरर्थक ठरतो. इंग्रजी जहाजे केव्हा येणार हे इंग्रजाने किनाऱ्यावरील रहिवाशाला का विचारावे? हा प्रश्न त्या भूमीच्या धन्याचाच असला पाहिजे. त्यातही स्मिथने ‘इंग्रज’ असा अर्थ दिलेल्या पदात, त्या भाषेत परक्या माणसांसाठी रूढ असलेलाच शब्द दिसतो. मूळ वाक्यात परक्यांच्या नौकांची चिंता आहे. भाषांतरात राष्ट्राचे नाव आले आणि चिंता लोपली. स्मिथने ती हेतुपुरस्सर दडविली असे म्हणवत नाही. त्याला ती ऐकू आली होती, पण उमगली नव्हती, असे मानणे अधिक न्याय्य होईल.

यानंतर एक ते दहा, पुढे दशके व हजार, मग दिवस, चंद्र, तारे, देव, मृत्यू, जीवन. आणि तत्काळ, अत्यंत भूक लागली आहे, काय खाऊ, अशी विचारणा. तेथून पुढे संवाद सुरू होतो. पौहाटन कोठे राहतो? तो आता दूर ओरापाक्स येथे असतो. हे खोटे आहे, तो वेरोवोकोमोको येथेच आहे. नाही, मी खोटे बोलत नाही. पौहाटन इंग्रजांच्या सान्निध्याला कंटाळून १६०९ मध्ये ओरापाक्सला गेला. म्हणून या वाक्यांचा काळ निश्चित करता येतो. मैत्रीचा देखावा संपल्यानंतरची ही वाक्ये आहेत. धावत जा, चालता हो, लवकर परत ये, अशा आज्ञा पाठोपाठ येतात. वाद पेटल्याची एवढी जिवंत नोंद त्याच्या रणवर्णनांतही नाही.

आता याच्या शेजारी त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील, सहकाऱ्यांच्या लेखनावरून सिद्ध झालेले, जानेवारी १६०९ मधील पौहाटनचे भाषण ठेवावे. प्रेमाने जे मिळेल ते बळाने का घेता, असा त्याचा युक्तिवाद प्रौढ, समतोल व अलंकृत इंग्रजीत अवतरतो. त्यातील विचार पौहाटनचा असू शकेल. शैली मात्र इंग्रजी वक्तृत्वशास्त्राच्या पाठशाळेतील आहे. दुभाषी म्हणून वसाहतीजवळ थॉमस सॅव्हेज याच्यासारखी कोवळी मुले होती. तेव्हा या भाषणाला जे समीक्षक शब्दशः प्रमाण मानतात, त्यांनी हा शब्दसंग्रह आधी वाचावयास हवा होता.

स्मिथ ऑक्टोबर १६०९ मध्ये जखमी होऊन परतला. त्यानंतरच्या दुष्काळी हिवाळ्यात जेम्सटाउनमध्ये जेमतेम साठ माणसे उरली. नरमांसभक्षणाची जॉर्ज पर्सीने केलेली नोंद अतिशयोक्त मानली जाई. २०१२ च्या उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या मुलीची शस्त्राचे व्रण असलेली हाडे सापडली, तेव्हा तो आक्षेप गळून पडला.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ती भाषा लुप्त झाली. विल्यम स्ट्रेचीने जमविलेले सुमारे एक हजार शब्द व स्मिथची ही तुटपुंजी यादी यांच्याच आधारे फ्रँक सीबर्टने १९७५ मध्ये तिची ध्वनिव्यवस्था पुन्हा मांडली. स्मिथच्या यादीतील अखेरचे वाक्य पोकाहोन्टासविषयी आहे : दोन लहान टोपल्या आणावयास तिला सांगावे, म्हणजे माळेसाठी पांढरे मणी मिळतील. १६२४ च्या ग्रंथातही हे वाक्य तसेच पुनर्मुद्रित झाले आहे. प्राणरक्षणाची कथा त्याच्या पुढच्या भागात येते.