श्रोत्याची जागा : बुलढाणा जिल्ह्यातील श्रवणस्थळांविषयी काही विचार

मराठीतील संगीतविषयक लेखनात गायकाला, घराण्याला आणि रागाला जेवढी जागा मिळाली तेवढी श्रोत्याला मिळालेली नाही. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथापासून वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) पर्यंत गाणे कसे ऐकावे याचे उत्तम शिक्षण आपल्याला मिळते. परंतु ते कोठे बसून ऐकले, कोणाच्या शेजारी बसून ऐकले आणि ऐकणाऱ्याला तेथे काय करण्याची मुभा होती, हे प्रश्न तेथे गौणच राहतात. अलीकडे श्रोत्याच्या अनुभवाची चौकशी होऊ लागली आहे, हे खरे. परंतु ती बहुधा आसनांची सोय, प्रवेशाची रांग, वाहने उभी करण्याची जागा आणि आवाजाची स्पष्टता यांपुढे जात नाही. या सोयींना कमी लेखण्याचे कारण नाही. तीन तास मांडी घालून बसलेल्या माणसाला गुडघेही असतात, याचा समीक्षकांना विसर पडू नये. पण श्रोता म्हणजे केवळ सोयींचा उपभोग घेणारा पाहुणा, असे गृहीत धरले की श्रवणस्थळाच्या परीक्षणातील मुख्य प्रश्नच निसटतो. तो प्रश्न असा : या स्थळी श्रोता उत्तर देऊ शकतो काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बुलढाणा जिल्हा मी मुद्दाम निवडला आहे. मुंबई-पुण्याकडील संगीतसभांची परंपरा येथे शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. येथील खरे श्रवणस्थळ म्हणजे कीर्तनाचा मंडप, आणि त्या मंडपाविषयीचा एक विलक्षण साक्षात्कारी प्रसंग या जिल्ह्यातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात नोंदलेला आहे.

दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या एकवीस अध्यायी 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या प्रारंभीच्या भागात हा प्रसंग येतो. गजानन महाराज शेगावी प्रकट झाले ते १८७८ च्या फेब्रुवारीत. त्यानंतर लवकरच गोविंदबुवा टाकळीकर हे कीर्तनकार गावात आले आणि मोट्यांच्या शिवमंदिरात त्यांचे कीर्तन उभे राहिले. मंडळी मंदिरात जमली. महाराज मात्र बाहेर, निंबाच्या झाडाखाली बसून राहिले. बुवांनी पूर्वरंगासाठी भागवतातील हंसगीतेचा श्लोक घेतला व त्याचा पूर्वार्ध म्हटला. उत्तरार्ध बाहेरून आला. बुवा चकित झाले, कोणी अधिकारी पुरुष बाहेर बसला आहे असे म्हणाले आणि त्यांना आत आणावयास सांगितले. इतरांच्या विनवण्या व्यर्थ गेल्यावर ते स्वतः बाहेर आले. तेव्हा त्यांना ऐकावे लागले ते असे की, ईश्वर आतबाहेर सर्वत्र भरला आहे असे तूच आत्ता प्रतिपादन केलेस, मग मी आतच यावे हा आग्रह कशाला? आणि जोडीला ताकीद, की सांगावे तसे वागावे, केवळ पोटासाठी कीर्तन करू नये.

भाविक वाचक या कथेत महाराजांचा अधिकार पाहतो, आणि ग्रंथकाराचा हेतूही तोच आहे. चरित्रकाव्याला इतिहासाचा पुरावा मानण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा, हेही सांगावयास हवे. घटना आणि रचना यांत साठ वर्षांचे अंतर आहे. तथापि ही रचना करणारा माणूस स्वतः कीर्तनकार होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८-१९६२) यांनी पोलिसातील नोकरी सोडून आयुष्य कीर्तनात घालविले. अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून ते कीर्तनास निघाले असता साईबाबांनी त्यांना नवरदेवाची उपमा देऊन तो वेष उतरावयास लावला, अशी कथा साईसच्चरितात आहे. मंडपात उभा राहणारा आणि मंडपात बसणारा यांच्यातील अंतर कशाने वाढते व कशाने घटते, हे ज्याने अंगावरच्या वस्त्रांनिशी अनुभवले, त्याने हा प्रसंग लिहिला आहे. म्हणून कीर्तनकाराला श्रोत्याकडून मिळालेली ती ताकीद व्यवसायाच्या आतून आलेली आहे. तिला आत्मपरीक्षणाचे मोल आहे. (याच बुवांचा द्वाड घोडा पुढे नवव्या अध्यायात येतो आणि महाराजांच्या सान्निध्यात शांत होतो. बुवांच्या वाट्याला श्रोते विलक्षणच आले, असे म्हणावे लागते.)

या प्रसंगाची एक भौतिक बाजू आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आतला आवाज बाहेर पोहोचला आणि बाहेरचा आवाज आत पोहोचला. दोन्ही आवाज उघड्या कंठाचे होते. ज्या अंतरावर वक्ता ऐकू येतो त्याच अंतरावरून श्रोताही वक्त्याला ऐकू येतो, असा तेथील ध्वनीचा व्यवहार उभयपक्षी होता. भरताने नाट्यमंडपाची मापे देताना मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मंडप सांगितला आणि याहून मोठ्या मंडपात उच्चार अस्पष्ट होतो व मुखावरचे भाव दिसत नाहीत, असे कारण दिले, हे प्रसिद्धच आहे. आपण हे विधान प्रेक्षकाच्या सोयीचे म्हणून वाचतो. पण त्याच नाट्यशास्त्रात पुढे सिद्धीचा विचार येतो, आणि प्रेक्षकांचे स्मित, हास्य, साधुवाद, उठून उभे राहणे ही प्रयोगाच्या यशाची लक्षणे म्हणून गणली जातात. मंडपाचे माप आणि श्रोत्याचे उत्तर यांचा संबंध असा शास्त्रातच आहे. आपण ते दोन अध्याय स्वतंत्र ठेवून वाचतो इतकेच.

कीर्तनसंस्थेने हे उत्तर रचनेतच बांधून घेतले आहे. नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे असतात, तबला-पेटीची साथ असते आणि आख्यानाची उत्सुकता असते. तरी पूर्वरंग व उत्तररंग यांच्या मध्ये नामघोष होतो, बुवांना बुक्का लागतो, हार पडतो, आणि मंडपाचा ताबा काही क्षण श्रोत्यांकडे जातो. वारकरी कीर्तनात तर ही सीमारेषा अधिकच पुसट असते. विणेकरी, पखवाजी आणि मागे उभी असलेली टाळकऱ्यांची रांग हे सर्व एकाच वेळी श्रोते आणि गायक असतात. कीर्तनकाराने चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा. अर्थ सांगता सांगता बुवांना प्रमाण हवे असले की मागून कोणीतरी नेमका अभंग धरावा. बुवांचे पाठांतर जितके, तितकेच मागच्या रांगेचे पाठांतर त्या कीर्तनाला तोलून धरते. वऱ्हाडातल्या लहान गावी सप्ताहात उभा राहणारा टाळकरी दिवसा शेतावर असतो व रात्री कीर्तनात. त्याला 'प्रेक्षक' म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय. गोविंदबुवांचा श्लोक बाहेरून पुरा झाला, यात चमत्कार असेल तर तो पुरा करणाऱ्याच्या ज्ञानाचा. श्लोक श्रोत्याने पुरा करणे ही तर त्या मंडपाची रीतच होती.

येथे एक अवघड गोष्ट आड येते. निंबाखाली बसणारे महाराज स्वेच्छेने बाहेर बसले. ज्यांना बाहेरच बसावे लागत असे त्यांचे काय? परंपरेने संत चोखामेळ्याचे जन्मस्थान याच जिल्ह्यातील मेहुणा राजा हे मानले जाते. ज्याची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, त्या चोखोबाचे श्रवण आयुष्यभर उंबरठ्याबाहेरचे होते. त्याने उत्तर दिले नाही असे नाही. त्याचे अभंग हेच उत्तर, आणि मराठी वाङ्मयात बाहेरच्या श्रोत्याने दिलेले इतके धारदार उत्तर दुसरे क्वचितच सापडेल. परंतु त्याला आत बोलावण्यासाठी बुवा बाहेर आले नाहीत. मंदिरप्रवेश नाकारणे हा देशभर अपराध ठरण्यासाठी १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम यावा लागला. कीर्तनमंडपाच्या सहभागाचे गोडवे गाणारा समीक्षक हा उंबरठा विसरला, तर त्याचे विवेचन भाबडे ठरेल. आतबाहेर एकच आहे, हे वाक्य बाहेर बसण्याची निवड करणाऱ्याच्या मुखी तत्त्वज्ञान ठरते. बाहेर बसविलेल्याला तेच वाक्य ऐकविणे ही क्रूरता होईल.

या दृष्टीने पाहिले तर ध्वनिक्षेपकाचे आगमन ही मोठी न्यायाची घटना होती. शब्द भिंतीबाहेर गेला. गल्लीत, ओट्यावर, ज्यांना कधी कोणी आमंत्रण दिले नव्हते त्यांच्या दारापर्यंत गेला. शेगावी प्रकटदिनाला किंवा ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला गावोगावच्या दिंड्या येतात. इतक्या समुदायाला उघड्या कंठाने कीर्तन ऐकविणे अशक्यच. जुन्या मंडपाविषयी हळहळणाऱ्यांनी हे आधी मान्य करावे. मात्र त्याबरोबरच ध्वनीचा उभयपक्षी व्यवहार एकपक्षी झाला. बुवांचा आवाज शतपट वाढला, श्रोत्याचा होता तेवढाच राहिला. आज निंबाखालून कोणी उत्तरार्ध म्हटला तर तो बुवांना ऐकू येणार नाही, आणि मधल्या माणसांनाही येणार नाही, कारण त्यांच्या कानाशी कर्णा आहे. टाळकऱ्यांचीही गत निराळी नाही. मायक्रोफोन ज्यांच्यापुढे आहे ते चौघे गायक ठरतात, उरलेले केवळ रांगेची शोभा. ऐकण्याची कक्षा रुंदावली, उत्तराची आखडली. आणि दोन्ही गोष्टी एकाच तारेने झाल्या.

उत्तराचा हा धागा पूर्णपणे तुटल्यावर काय उरते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली व तिची ध्वनिमुद्रिका १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच घरोघर गेली. त्याच नावाचा कवितासंग्रह निघाला तो १९५४ साली. म्हणजे ही कविता महाराष्ट्राने वाचण्यापूर्वी पुष्कळ आधी ऐकली होती. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीला ना मंडप, ना उंबरठा, ना शेजारी. ज्याच्या घरी यंत्र त्याचे घर हेच श्रवणस्थळ. भावगीत या प्रकाराची घडण अनेकांनी काव्याच्या अंगाने तपासली आहे. एकट्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या श्रोत्यासाठी ते रचले व गायिले गेले, या अंगाने ती तपासली पाहिजे असे मला वाटते. भावगीतातील तो हळवा, कानाशी बोलणारा स्वर सभेतून आलेला नाही. समोर कोणी नाही, या जाणिवेतून तो आला असावा. श्रोत्यानेही त्याला आपल्या परीने उत्तर दिले : तो ते गाणे गुणगुणू लागला. पण ते उत्तर गायकापर्यंत पोहोचणारे नव्हते.

स्थळाइतकाच वेळेचाही विचार करावयास हवा, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेरचे एक उदाहरण घ्यावे लागते, कारण ज्या नियमांनी वऱ्हाडातील रात्रीच्या कीर्तनाला वेळेचे बंधन घातले त्यांनीच आपल्या सर्वांत प्रसिद्ध संगीतसभेचे रूप पालटले. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर (१९५२) भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून पुण्यात भरू लागलेला महोत्सव अनेक दशके रात्रभर चालत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई केली. सणसमारंभांच्या मोजक्या दिवशी, वर्षातून पंधरांहून अधिक नाही, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार पुढे राज्यांना मिळाला. तेव्हापासून तो महोत्सव दुपारीच सुरू होऊ लागला. एरवी सभेत दुर्मीळ असलेले दुपारचे राग त्यामुळे ऐकावयास मिळाले, हा लाभच. गेले ते निराळे : रात्रभर एका घोंगडीवर बसलेल्या अनोळखी माणसांचे पहाटेपर्यंत होणारे सहश्रवण. पहाटेच्या भैरवापर्यंत जो टिकला त्याने त्या सभेत काही गुंतविलेले असे. रात्रीच्या जागरातून श्रोत्यांचा जो समाज तयार होतो तो सायंकाळी घरी परतणाऱ्या समुदायातून होत नाही. हरिजागराच्या परंपरेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निजणाऱ्या शेजाऱ्याचा हक्क मला मान्य आहे. म्हणूनच तोट्याची नोंद घेतलीच पाहिजे. कायदा योग्य ठरल्याने तोटा नाहीसा होत नाही.

तेव्हा आपल्या विभागातील जे विद्यार्थी जिल्ह्यातील सप्ताहांची पाहणी करू इच्छितात त्यांनी प्रश्नावली आखताना 'आवाज स्पष्ट आला काय' या प्रश्नापाशी थांबू नये. चरण कोण उचलतो आणि किती जणांना तो पाठ आहे. मायक्रोफोन किती व कोणापुढे. बायका कोठे बसतात आणि त्यांचा आवाज नामघोषात मिसळतो की वेगळा राहतो. पूर्वी कोणती वस्ती मंडपाबाहेरून ऐकत असे व आज तिच्यातील कोण टाळ घेऊन उभा आहे. बुवा चुकले तर त्यांना सांगणारा गावात कोणी उरला आहे काय, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला वयस्क टाळकरी बहुधा हसतील आणि एखादे नाव सांगतील. त्या नावाच्या माणसाकडे आधी जावे.