शलाकाग्रहण आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व

आपल्या देशांतील प्राचीन गणांस व संघांस आजची प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मतपद्धति ठाऊक होती, असें प्रतिपादन अधूनमधून वाचनांत येतें. आधार म्हणून विनयपिटकांतील शलाकाग्रहण व उत्तरमेरूरचा शिलालेख पुढें करण्यांत येतात. जुन्नरच्या लेण्यांकडेहि बोट दाखविलें जातें. अभिमान स्तुत्य आहे; परंतु अभिमान हें प्रमाण नव्हे. सबब या विधानाची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम जुन्नर. तेथील लेखांत धान्यविक्रेते, कांसार व वेळूकाम करणारे यांच्या श्रेणी आढळतात. परंतु या लेखांचा विषय दान व अक्षयनीवि हा आहे, मतगणना नव्हे. उत्तरमेरूरचे लेख परांतक चोळाच्या वेळचे, इ. स. 919 व 921 मधील. त्यांत पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्रावर लिहून घटांत टाकावयाचीं व अजाण मुलाकडून एक पत्र काढवावयाचें, असा विधि आहे. ही सोडत होय. येथें मत मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

राहतां राहिलें शलाकाग्रहण. चुल्लवग्गांत याचे तीन प्रकार सांगितले आहेत: गूळ्हक म्हणजे गुप्त, विवटक म्हणजे उघड, आणि सकण्णजप्पक म्हणजे कानांत सांगून. निर्णय येभुय्यसिकेनें, म्हणजे बहुमतानें. शिवाय गुप्त ग्रहणांत अधर्मवादी अधिक भरले, तर तें ग्रहण सदोष ठरवून टाकून द्यावें, अशी आज्ञा आहे. जेथें निकाल धर्माच्या बाजूनें लागणें हीच अट आहे, तेथें अल्पसंख्यांस त्यांच्या प्रमाणांत वांटा कोठून मिळणार? डॉ. आंबेडकरांनीं 25 नोव्हेंबर 1949 रोजीं घटनासमितींत संघाच्या मतदानाचा गौरवानें उल्लेख केला, तो सभानियमांच्या संदर्भांत. त्यावरून प्रमाणशीरतेचें अनुमान काढणें म्हणजे अतिव्याप्ति होय.

आतां खरी पद्धति पाहूं. आंबेगांव तालुक्यांतील पेठेचा मतदार लोकसभेसाठीं शिरूर मतदारसंघांत एकाच नांवास मत देतो. ज्यास अधिक मतें तो विजयी, बाकीचीं मतें निष्फळ. राज्यसभेसाठीं मात्र त्याचा आमदार उमेदवारांच्या नांवांपुढें 1, 2, 3 असे पसंतीचे अंक लिहितो. 10 जून 2022 ची महाराष्ट्रांतील निवडणूक उदाहरणार्थ घेऊं. जागा 6, उमेदवार 7, वैध मतें 284. प्रत्येक मताचें मूल्य 100 धरून 28,400 झाले; त्यांस जागांहून एक अधिक म्हणजे 7 नें भागून, अपूर्णांक सोडून, 1 मिळविला कीं 4,058 हा निवडून येण्याचा अंक मिळतो. हा अंक सहा जणांस गांठतां येतो. पुढें 4,052 च उरतात, म्हणून सातव्यास तो अशक्य.

पीयूष गोयल व अनिल बोंडे यांस पहिल्या पसंतीचीं प्रत्येकीं 48 मतें पडलीं. प्रत्येकाचें आधिक्य 742. तें वांटतांना कांहीं मतपत्रिका निवडून उचलीत नाहींत. 742 स 48 नें भागून आलेल्या 15 या घटलेल्या मूल्यानें त्या साऱ्याच पत्रिका दुसऱ्या पसंतीकडे जातात. धनंजय महाडिक यांचीं पहिल्या पसंतीचीं मतें 27, म्हणजे 2,700. दोन्ही गठ्ठ्यांतील दुसरी पसंती त्यांसच असेल, तर 1,440 मिळून 4,140 होतात. संजय पवार यांचीं 33. उरलेल्या तीन विजयी उमेदवारांचीं मतें 44, 43 व 41; त्यांचें सारें आधिक्य 626. तें अपूर्णांक न सोडतां पवारांकडे आलें असतें, तरी बेरीज 3,926 च, म्हणजे 132 नें उणी. म्हणून 33 वाला पडला व 27 वाला निवडून आला. यांत अन्याय नाहीं. एका पक्षाचें आधिक्य वायां गेलें नाहीं, इतकेंच.

येथवर आम्ही पद्धतीचे प्रशंसक आहोंत. याच रीतीनें 1946 सालीं प्रांतिक विधिमंडळांनीं घटनासमितीचे सभासद निवडले, आणि डॉ. आंबेडकरांस बंगालमधून प्रवेश मिळाला. थोड्यांच्या आवाजास जागा देणें हेंच तिचें मर्म.

आमचा आक्षेप पुढेंच आहे. 2003 च्या दुरुस्तीनें राज्यसभेचें मतदान उघड झालें. पक्षाच्या आमदारानें भरलेली पत्रिका पक्षप्रतिनिधीस दाखविलीच पाहिजे, न दाखविल्यास ती बाद. सर्वोच्च न्यायालयानें 2006 सालीं ही दुरुस्ती वैध ठरविली. मतांचा बाजार रोखणें हा तिचा हेतु आम्हांस मान्य आहे. परंतु पसंतीचा अंक दुसऱ्याच्या देखरेखीखालीं पडूं लागला, म्हणजे ‘पसंति’ हा शब्द आपला अर्थ गमावतो. पक्षांचें प्रमाण राहतें, मतदात्याचा विवेक राहत नाहीं. विवटक शलाकेस विनयकारांनीं धर्मवादी अधिक असल्याचें ठाऊक असतांनाच अनुमति दिली. शंका असेल तेथें गूळ्हक.

तात्पर्य, प्राचीनांस प्रमाणशीर प्रतिनिधित्व ठाऊक नव्हतें. परंतु शलाका केव्हां झांकावी व केव्हां उघडावी, हा प्रश्न त्यांस पडला होता. त्यांचें खरें श्रेय एवढें आहे, आणि तें थोडें नाहीं. पूर्वजांवर नसलेलें ज्ञान लादण्यापेक्षां त्यांनीं विचारलेला प्रश्न आपण आपल्या कायद्यास विचारावा, हें अधिक श्रेयस्कर.